सायकलच्या चाकातून आवाज येतोय? कारण कसं शोधायचं आणि दुरुस्ती कशी करायची

चाकातून टिकटिक किंवा कुरकुर ऐकू यायला लागली की बरेच जण लगेच हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) तेल सोडतात, नाहीतर तारा आवळायला बसतात. या दोन्हींमुळे चांगलं चाक बिघडू शकतं. पातळ तेलाच्या फवाऱ्याने हबमधलं ग्रीस धुऊन निघतं. कारण न कळता निपल (तारेला रिमशी आवळणारे छोटे नट) फिरवले की सरळ चाक वाकडं होतं. आवाज कधी येतो, कधी थांबतो आणि चाकाच्या एका फेरीत किती वेळा येतो, एवढं कळलं तर बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते चाक न काढताच समजतं. म्हणून या लेखात शोधण्यावर जास्त भर दिला आहे. दुरुस्ती बहुतेक वेळा त्यामानाने सोपी निघते.

## १. आधी साहित्य गोळा करा

- ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, आणि डिस्क ब्रेक असेल तर टी-२५ टॉर्क्स की
- निपल पाना, तुमच्या निपलच्या मापाचा. ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी ही मापं नेहमी आढळतात
- कोन पाने (कप-कोन, म्हणजे सुट्या छर्ऱ्यांवर फिरणारा हब असेल तरच). पुढच्या हबला बहुतेक १३ मिमी, मागच्याला १५ मिमी आणि लॉकनटला बऱ्याचदा १७ मिमी
- चांगलं ग्रीस, पातळ तेलाची बाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- सुताचं स्वच्छ फडकं, साधारण १२० नंबरचा पॉलिश पेपर, टायर लीव्हर, दोन-चार झिप टाय

दोन फडकी ठेवा आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. एक तेला-ग्रीससाठी, दुसरं फक्त रिम आणि रोटर (डिस्क ब्रेकची चकती) पुसण्यासाठी. निपल पाना अंदाजाने घेऊ नका. किंचित मोठा पाना निपलचे कोपरे गोल करतो, मग ते निपल कापूनच काढावं लागतं. पाना निपलवर अलगद सरकायला हवा, पण हलवला तर खिळखिळा वाटता कामा नये.

## २. आवाज कधी येतो ते टिपून घ्या

मोकळ्या, शांत रस्त्यावर सायकल चालवा आणि खालचे प्रश्न एकेक करून तपासा. घाई केलीत तर पुढे सुटे भाग बदलत बसावं लागेल.

पॅडल थांबवल्यावर आवाज राहतो का? राहिला तर दोष चाकात, ब्रेकमध्ये किंवा टायरमध्ये आहे. पॅडल मारणं थांबताच आवाजही थांबला तर संशय चेन, पॅडल, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) यांच्यावर. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. जोर लावल्यावर मागच्या चाकाच्या तारांवर आणि कॅसेटवरही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) ताण येतो, त्यामुळे चढावर येणारी टकटक मागच्या चाकाचीही असू शकते.

एका फेरीत किती वेळा? ७००सी (रोड सायकलचं नेहमीचं माप) चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी १५ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे दोन फेऱ्या मारतं. त्या वेगाला सेकंदाला दोन टिकटिक ऐकू आल्या तर चाकावरच्या एकाच जागी काहीतरी आहे: सैल तार, व्हॉल्व्ह, रोटरचा वाक, टायरमध्ये रुतलेला खडा. सलग घरघर असेल तर बेअरिंग. पॅडलच्या फेरीशी जुळणारी टकटक असेल तर चाक सोडून द्या.

वेग वाढला की काय होतं? हळू चालवताना रिममध्ये काहीतरी खडखडतं आणि वेग घेतला की एकदम शांत, ही खूण पक्की आहे. रिमच्या पोकळीत काहीतरी सुटं पडलं आहे. हळू फिरताना ते वरून खाली गडगडतं. वेगात मात्र रिमच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून बसतं.

ब्रेक लावल्यावर वाढतो की थांबतो? ब्रेक हलकाच लावल्यावर आवाज थांबला तर ब्रेकचा सैल रबरी गट्टा किंवा रोटर घासणं यांच्याकडे बघा. ब्रेक लावल्यावरच सुरू झाला तर थेट पायरी ६ वर जा.

वजनाशिवाय येतो का? सायकल उचलून चाक हाताने फिरवा. तारांचा आवाज अशा वेळी बहुतेक येतच नाही, कारण तो तारेवर वजन पडून उतरताना होतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत तार रस्त्याच्या बाजूला आली की तिचा ताण कमी होतो आणि वर गेली की पुन्हा वाढतो. म्हणून वजनाखालीच ऐकायचं: सीटवर हाताने जोर द्या, सायकल हळूहळू पुढे ढकला आणि आवाज आला त्या क्षणी व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघा. दोन-तीन फेऱ्यांत तो त्याच जागी दिसला तर दोषाचा पत्ता लागला. तिथे रिमवर कागदी टेपचा तुकडा लावून ठेवा.

पुढचं चाक की मागचं, हे कानाने ठरवू नका. फ्रेम धातूची असो वा कार्बनची, आवाज तिच्यातून वाहतो आणि मागच्या चाकाची टिकटिक हँडलपाशी ऐकू येते. तशाच मापाचं दुसरं चाक मिळालं तर पाच मिनिटं बदलून बघा, प्रश्नच मिटतो.

## ३. सुटं-सैल काय आहे ते आधी बघा

आवाजाचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं, आणि तरीही हीच पायरी सर्वात जास्त गाळली जाते.

व्हॉल्व्हची दांडी रिमच्या भोकात हलते का? बारीक व्हॉल्व्हला रिमवर येणारी चकती बोटांनी बसवा, पान्ह्याने आवळू नका. चकतीशिवायचा व्हॉल्व्ह असेल तर भोकाच्या तोंडाशी दांडीभोवती टेपचा एक वेढा पुरतो. व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन लावलं असेल तर तेही तपासा.

तारांवरचे रिफ्लेक्टर, मीटरचा चुंबक, मडगार्डच्या काड्या, ब्रेकची केबल. प्रत्येक गोष्ट हाताने हलवून बघा. मागच्या चाकात कॅसेट आणि तारांच्या मध्ये प्लास्टिकची पारदर्शक थाळी असते. तिच्या कड्या काही वर्षांत वाळून तुटतात, थाळी सैल होते आणि तारांवर खरखरते. दोन झिप टायने ती तारांना बांधा, किंवा काढून टाका. काढायची असेल तर आधी गिअरच्या आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू नीट बसवला आहे याची खात्री करा. नाहीतर चेन तारांत पडते आणि चाकासकट डिरेलर (गिअर बदलणारा भाग) जातो.

रिममधली खडखड असेल तर टायर, ट्यूब आणि रिम टेप काढा. आत निपलचा तुकडा किंवा रिमच्या सांध्यातला ॲल्युमिनियमचा कण असतो. चाक आडवं धरून हळूहळू हलवत तो व्हॉल्व्हच्या किंवा निपलच्या भोकापर्यंत आणा आणि चिमट्याने बाहेर काढा. निपलचा तुकडा निघाला तर कुठल्या तारेचं निपल फुटलं आहे ते शोधल्याशिवाय टायर परत चढवू नका. ट्यूबलेस टायर असेल तर आतला सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) वाळून त्याचा गोळा झालेला असू शकतो. टायर उघडा, गोळा काढा, नवीन सीलंट भरा.

## ४. तारा: टिकटिक, कुरकुर, टण्ण

तुटलेली तार आधी शोधा. ती सहसा हबपाशी, जिथे वाक असतो तिथून तुटते आणि मागच्या चाकात बहुतेक वेळा चेनच्या बाजूची असते. वाटेत तुटली तर शेजारच्या तारेभोवती गुंडाळा आणि हळू चालवत घरी न्या.

सगळ्या तारा शाबूत असतील तर प्रत्येकीला नखाने छेडा. इथे नवखे लोक हमखास फसतात. मागच्या चाकात चेनच्या बाजूच्या तारा डाव्या बाजूपेक्षा जास्त ताणलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा सूर वरचा लागतो. डिस्क असलेल्या पुढच्या चाकात उलट, डाव्या तारा जास्त घट्ट असतात. हे दोष नाहीत, चाकाची रचनाच तशी आहे. म्हणून तुलना फक्त एकाच बाजूच्या तारांची करा. एखादीचा आवाज बदबद, बसका आला तर ती सैल.

आता एकाच बाजूच्या जवळजवळ समांतर तारांची जोडी मुठीत धरून दाबा आणि असं पूर्ण चाकभर करा. 'कट्' असा आवाज आला तर तिथे तारा एकमेकींना ओलांडतात त्या जागी घासत आहेत, किंवा निपल रिममध्ये कुरकुरतंय.

वंगणाने भागत असेल तर तेच करा. तारा ओलांडतात तिथे पातळ तेलाचा एक थेंब. निपल रिममध्ये शिरतं तिथेही तारेच्या बाजूने एक थेंब, मग चाक फिरवा म्हणजे तो आत ओढला जाईल. जास्तीचं तेल लगेच पुसा. रिम ब्रेक असेल तर रिमच्या भिंती अल्कोहोलने पुसा. डिस्क असेल तर तेल लावण्यापूर्वी रोटरवर पिशवी बांधा.

तार सैलच असेल तर ती आवळा, पण एका वेळी पाव फेराच. दिशेत चूक होते ती अशी टाळा: रिमच्या बाहेरून, टायरच्या बाजूने हबकडे बघताय अशी कल्पना करा. त्या बाजूने घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की निपल आवळतं. चाक उभं असताना वरून खाली बघत खालच्या निपलला पाना लावला तर हीच दिशा उलटी दिसते. हाताला सवय होईपर्यंत प्रत्येक वेळी थांबून खात्री करा.

पाव फेऱ्यानंतर चाक फिरवा आणि ब्रेकच्या गट्ट्याशी किंवा फ्रेमला बांधलेल्या झिप टायच्या टोकाशी रिमचं अंतर बघा. रिम उजवीकडे सरकली असेल तर त्या जागची डावी तार पाव फेरा आवळा, गरज पडली तर उजवी पाव फेरा सैल करा. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायचं तत्त्व एवढंच आहे. ताण एका तारेवर न लादता शेजारच्या दोन-तीन तारांत वाटून घ्या. निपल फिरत नसेल तर जोर करू नका. तेलाचा थेंब टाकून थोडा वेळ थांबा, मग प्रयत्न करा.

नव्या किंवा नुकत्याच आउट काढलेल्या चाकातून पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये टणटण आवाज येत असेल तर निपलबरोबर पिळल्या गेलेल्या तारा सरळ होत असतात. आवाज थांबला की चाक पुन्हा एकदा तपासा, आउट किंचित बदललेला असतो.

निपलच्या भोकाभोवती रिमला बारीक तडे दिसले, किंवा हबच्या कडेला तारेच्या भोकापासून तडा गेलेला असला, तर ते चाक वापरणं त्याच दिवशी बंद करा. त्यावर तेलाचा किंवा आवळण्याचा उपाय नाही.

## ५. हब आणि एक्सल: घरघर, खरखर, कडकड

चाक काढा आणि एक्सल (हबमधला दांडा) दोन बोटांत धरून हळू फिरवा. गुळगुळीत फिरला तर बेअरिंग ठीक आहे. वाळू असल्यासारखी खरखर लागली, किंवा ठराविक जागी अडकल्यासारखं वाटलं तर हब उघडायला हवा. चाक सायकलमध्ये असताना रिम धरून आजूबाजूला हलवा. टकटक खेळ जाणवला तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजलं आहे.

सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग असेल तर दुरुस्तीचा प्रश्न येत नाही, बेअरिंगच बदलायचं. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचं घ्या. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्या. आतल्या कड्यावर ठोकलं तर नवीन बेअरिंग बसवतानाच खराब होतं.

कप-कोन हब असेल तर क्रम असा:

१. मागच्या चाकात काम डाव्या बाजूने करा. कोन पान्ह्याने कोन धरून ठेवा आणि लॉकनट सोडा.
२. खाली थाळी ठेवूनच एक्सल काढा. छर्रे मोजा. मागच्या हबमध्ये सहसा प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ९, पुढच्यात ३/१६ इंचाचे १० असतात, पण तुमच्या हबमधून निघालेली संख्या हीच खरी.
३. सगळं पुसा. कोनवर छर्रे जिथे फिरतात तो पट्टा उजेडात बघा. गुळगुळीत, चमकदार रेघ असेल तर ठीक. खड्डे पडले असतील तर कोन बदला, ग्रीसने ती खरखर जाणार नाही. कपमध्येच खड्डे असतील तर बहुतेक वेळा हबच बदलावा लागतो.
४. छर्रे स्वस्त भाग आहे, ते पूर्ण संचच नवा घाला. जुने आणि नवे मिसळले तर भार मोठ्या छर्ऱ्यांवरच येतो.
५. कपात भरपूर ग्रीस भरा, छर्रे त्यात बसवा, एक्सल सरकवा.
६. कोन बोटांनी खेळ जाईपर्यंत आत घ्या, मग किंचित, साधारण एक-अष्टमांश फेरा, मागे. कोन धरून लॉकनट आवळा.

क्विक रिलीज (पान्ह्याशिवाय लीव्हरने चाक काढायची सोय) असलेल्या हबमध्ये लीव्हर उघडा असताना अगदी थोडा खेळ राहिला पाहिजे. लीव्हर बंद केल्यावर एक्सल दाबला जातो आणि तो खेळ जातो. उघड्या लीव्हरला खेळ शून्य केलात तर बंद केल्यावर बेअरिंग चिमटीत सापडेल आणि लवकर खराब होईल. नटवाल्या एक्सलला हा नियम लागू नाही. तिथे नट आवळण्याआधीच खेळ गेलेला आणि चाक मोकळं फिरणारं हवं.

हब निर्दोष असूनही उभं राहून पॅडल मारताना कडकड येत असेल तर एक्सल फ्रेमला जिथे टेकतो ती जागा बघा. खाच आणि हबची टोकं पुसून ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, क्विक रिलीजच्या लीव्हरच्या सांध्यात तेलाचा थेंब टाका. बंद करताना लीव्हर एक्सलच्या रेषेत आला की जोर लागायला सुरुवात व्हावी आणि पूर्ण बंद केल्यावर तळव्यावर ठसा उमटावा. थ्रू-एक्सलवर (आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणारा एक्सल) घट्ट करायचा आकडा छापलेला असतो, तोच पाळा.

चढावर मागच्या मोठ्या चकतीवर चेन असतानाच आवाज येत असेल तर कॅसेटची लॉकरिंग (ती हबवर धरून ठेवणारी रिंग) तपासा. ती ४० न्यूटन मीटरला बसते आणि हाताच्या अंदाजाने बऱ्याचदा सैल राहते. पॅडल थांबवल्यावर येणारी फ्रीहबची (पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागाची) टकटक नेहमीचीच असते. ती अचानक बंद झाली आणि पॅडल पुढच्या दिशेने निसटायला लागलं, तर आतले खटके चिकटले आहेत. ते साफ करेपर्यंत सायकल चालवू नका.

## ६. ब्रेक: किंचाळणं आणि घासणं

रिम ब्रेक. खर्रर्र आवाज आला तर गट्टे काढा आणि रबरात रुतलेले धातूचे कण सुईने टोकरून काढा. गट्ट्याची चकाकी पॉलिश पेपरवर घासून घालवा, रिम अल्कोहोलने पुसा. तरीही ब्रेक किंचाळत असेल तर गट्ट्याचं पुढचं टोक आधी टेकेल असं बसवा. गट्ट्याच्या मागच्या टोकाखाली जाडसर कार्ड ठेवा, ब्रेक दाबून धरा, बोल्ट आवळा, कार्ड काढा. पुढचं टोक साधारण १ मिमी आधी टेकायला हवं. शेवटी गट्टा टायरला कुठेही लागत नाही ना ते नक्की बघा, नाहीतर तो टायरची भिंत कापतो. रिमवरची झिजेची खूण, म्हणजे खाच किंवा ठिपका, दिसेनाशी झाली असेल तर रिमचं आयुष्य संपलं.

डिस्क ब्रेक. फेरीत एकदाच 'शिंग' असा आवाज आला तर रोटर वाकला आहे. सलग घासत असेल तर कॅलिपर (पॅड धरून ठेवणारा भाग) मधोमध नाही. आधी चाक काढून नीट बसवा, कारण तिरकं बसलेलं चाक हे सगळ्यात सामान्य कारण आहे. मग कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करा, ब्रेक लीव्हर घट्ट दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बऱ्याच कॅलिपरना ६ ते ८ न्यूटन मीटर लागतात. रोटर वाकला असेल तर घासणारी जागा शोधून, स्वच्छ आणि तेलविरहित पान्ह्याने अगदी थोडा दाब द्या आणि दर वेळी फिरवून बघा. रोटर उन्हात किंवा उतारावर तापला असेल तर थंड होऊ द्या. चटका तर बसतोच, शिवाय गरम रोटर थंड झाल्यावर वेगळाच आकार घेतो.

ब्रेक कर्कश ओरडत असेल आणि पकडही कमी झाली असेल तर पॅडला तेल लागलं आहे. रोटर अल्कोहोलने पुसा, पॅडचा वरचा थर पॉलिश पेपरवर घासून बघा. तेल आत मुरलं असेल तर पॅड बदलण्याशिवाय इलाज नाही. नवे पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते २५ किलोमीटर वेग घेऊन चाक जाम न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणा. एकेका ब्रेकने वीस-एक वेळा. ही पायरी टाळली तर नवे पॅडही ओरडतात. रोटरची जाडी किती उरली की बदलायचा तो आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, बऱ्याचदा १.५ मिमी. पाऊस पडत असताना येणारा आणि दोन-चार ब्रेकनंतर जाणारा आवाज सोडून द्या.

## ७. टायर

टायर फिरवून काच, खडे, सुटलेले धागे बघा. कडेपासून थोड्या उंचीवर टायरवर एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या जागी ती आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही आणि दर फेरीला धप्प जाणवेल. हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा, हाताने दाबा, पुन्हा भरा. फुगवताना टायरवर लिहिलेला कमाल दाब ओलांडू नका, आणि रिमवर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळा.

## ८. दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून बघा. तीन गोष्टी एकदम केल्यात तर आवाज गेला तरी नेमकं कारण कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तो परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

हब उघडताना फ्रीहबच्या आतले खटके निघाले, रिमचा आउट तीन-चार मिमीहून जास्त असला, किंवा तारांचा ताण एकाच बाजूलाही फार वेगवेगळा लागत असला तर काम तिथेच थांबवा आणि ताण मोजायचं यंत्र असलेल्या कारागिराकडे चाक द्या. देताना आवाज कधी येतो, फेरीत किती वेळा येतो आणि टेप कुठे लावली आहे हे चिठ्ठीवर लिहून चाकालाच बांधा.